मुंबईत धुरापेक्षा टाकीच्या झाकणावर एवढा जोर का?

तुमचा प्रश्न असा आहे: पालिकेचा कीटकनाशक विभाग धुराची फवारणी क्वचितच करतो, पण गच्चीवरच्या टाकीचं झाकण सैल दिसलं की सोसायटीला लगेच नोटीस देतो. हे असं का, आणि कधीपासून?

शंभरहून जास्त वर्षांपासून. आणि माझ्या मते विभागाचं म्हणणं बरोबर आहे.

मुंबईत मलेरिया पसरवणारा मुख्य डास गटारातला नाही. ॲनोफिलीस स्टीफेन्सी नावाचा हा डास विहिरी, टाक्या, हौद अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. ग्लेन लिस्टन या ब्रिटिश काळातल्या डॉक्टरांनी १९०१ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नमुन्यांवरून. (हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला आणि आता आफ्रिकेतल्या शहरांना भारी पडतोय.) पुढे लिस्टन यांनी मुंबईतच पाहणी केली आणि बोट विहिरींकडे वळलं. मलेरियातज्ज्ञ सी. ए. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने तर स्पष्टच सांगितलं, की शहरातल्या विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा पक्क्या झाका.

वाद तिथे पेटला. नळाला विहार तलावाचं पाणी १८६० पासून येत होतं, तरी पूजाविधीला विहिरीचंच पाणी हवं, आणि त्यावर ऊन पडायला हवं, असा हिंदू आणि पारशी दोघांचाही आग्रह होता. तोडगा म्हणून काही विहिरींना तारेच्या जाळीचा झडपेचा दरवाजा चालेल असं ठरलं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात घागर वर काढली की झडप उघडीच राहायची, जाळी गंजून फाटायची, आणि बोटभर भोक पडलं तरी झाकण असून नसून सारखंच. आजच्या टाक्यांचंही नेमकं हेच दुखणं आहे.

विहिरी कमी झाल्या तरी मलेरिया हटला नाही, कारण नळाला पाणी ठरावीक वेळी येतं. मग प्रत्येक चाळीवर, गिरणीवर, इमारतीवर साठवणीची टाकी आली आणि डासांना विहिरीऐवजी गच्ची मिळाली. १९२८ मध्ये मलेरियातज्ज्ञ गॉर्डन कॉव्हेल यांना पुन्हा शहराची पाहणी करावी लागली, ती याच प्रश्नापायी.

डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात हे सगळं थोडं विसरलं गेलं. १९५३ आणि १९५८ च्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमांचा भर घरातल्या भिंतींवर फवारणी करण्यावर होता, तोही मुख्यतः खेड्यांत. देशातले रुग्ण १९६१ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास आले, आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. शहरांसाठी १९७१ मध्ये वेगळी योजना आणून पुन्हा पाण्यातल्या अळ्या मारण्यावर यावं लागलं. २०१० मध्ये मुंबईत ७६ हजारांवर रुग्ण आणि १४५ मृत्यू झाले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा बांधकामांकडे वळल्या. स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून सोडलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, तळघर, मजुरांची पिंपं, सगळीकडे हवं तसं स्वच्छ पाणी!

तुमची नोटीस १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खालची असणार. टाकीवर काय बघतात ते सांगतो. झाकण कडेला घट्ट बसणारं आणि कुलपाचं हवं. टाकीला पक्की लोखंडी शिडी हवी, कारण कर्मचारी वर चढूच शकला नाही तर तपासणार काय? ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी हवी, इंचाला साधारण १६ छिद्रांची. नायलॉनची जाळी उन्हाने कडक होऊन तुटते, साधी लोखंडी गंजते, म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्या. सर्वांत जास्त चूक होते ती फ्लोटच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवर पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचच्या वायरीची. प्लंबर ती झाकणाच्या फटीतून बाहेर काढतो, झाकण अर्धा इंच उचललेलं राहतं, आणि डासाच्या मादीला तेवढी फट पुष्कळ झाली. वायरीसाठी भिंतीला वेगळं भोक पाडून ते सिमेंटने बुजवून घ्या.

स्वतः तपासायचं असेल तर पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका. सावली पडली की अळ्या खाली बुडी मारतात. दोन-तीन मिनिटं थांबा, मग पांढरा वाडगा तिरका धरून कडेचं पाणी हलकेच आत घ्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी ॲनोफिलीसची. डोकं खाली करून तिरकी लटकलेली क्युलेक्सची किंवा डेंग्यूच्या एडिसची.

अळीनाशक हे विभागाचं काम. टेमीफॉस हे अळ्या मारायचं औषध ५० टक्के असेल तर फवारणीसाठी १० लिटर पाण्यात २.५ मिली, आणि अशा एका लिटर द्रावणात पाण्याच्या कडेची सुमारे ५० मीटर लांबी होते. हे दर आठवड्याला पुन्हा करावं लागतं. पिण्याच्या टाकीत ते मनाने ओतू नका. वापरातल्या विहिरीत किंवा कारंज्यात अळ्या खाणारे गप्पी मासे उत्तम, पण त्याच आठवड्यात ब्लीचिंग टाकलं तर मासेच मरतात, आणि मग ‘मासे काही उपयोगाचे नाहीत’ अशी तक्रार येते.

आता धूर. तो फक्त त्या वेळी उडणारे डास मारतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे टाकी उघडी असेल तर आठवड्याभरात नवी फौज तयार. डेंग्यूचा रुग्ण सापडला की आसपास धूर करणं योग्यच, एरवी तो बहुतेक वेळा नगरसेवकाच्या समाधानासाठी असतो. घरातलं पिंप आठवड्यातून एकदा नुसतं ओतून भागणार नाही, आतून घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोनमहिने जगतात, आणि पिंप भरलं की उबतात.