झोपून न जाणारा थकवा

प्रिय बेटा,

"दिवसभर पडूनच असते, तरी अंगात ताकद येत नाही," असं तू परवा फोनवर म्हणालीस. तेव्हापासून तुला नीट लिहायचं मनात होतं.

घरचे "आराम कर" म्हणतात ते मायेपोटी. टायफॉइड-काविळीत आपल्याकडे हेच चालत आलंय. पण केमोचा थकवा झोपेनं भरून निघत नाही. पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू भराभर उतरतात, मग जिना चढताना धाप लागते आणि धाप लागते म्हणून माणूस आणखी पडून राहतो. कर्करोगाच्या रुग्णांची फिजिओथेरपी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. या चक्रात अडकलेली तुझ्या वयाची पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत.

बरं करण्यासाठी उपचार सुरू असतानाच व्यायाम सुचवावा, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली डॉक्टरांना सांगितलं. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम केला, तर थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, हे त्याआधी २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटानं मांडलं होतं. तीस मिनिटं वाचून दचकू नकोस. तिथवर हळूहळू जायचं आहे, आणि एखाद्या आठवड्यात नाही जमलं तरी चालेल.

तुझ्या हॉजकिन लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, एबीव्हीडी ही चार औषधांची केमो दर पंधरा दिवसांनी आहे. सलाईन झाल्यावरचे दोन-तीन दिवस मळमळीचे; तेव्हा खोलीतून गॅलरीपर्यंत गेलीस तरी पुरे. मग पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेव. दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठ-बस कर. मांड्या जपायला घरात यापेक्षा सोपं काही नाही. पिक लाइन (केमोसाठी दंडातून घातलेली नळी) असलेल्या हातानं मात्र बादली किंवा जड पिशवी उचलू नकोस.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाचं. तुझ्या औषधांतल्या डकार्बाझिनमुळे कातडी उन्हाला जास्त नाजूक होते, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच इथं चटका बसतो. म्हणून बाहेर जायचं तर दिवस उगवायच्या सुमारास, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. रेशीमबागेचं मैदान तुला जवळ आहे. माणसं कमी असतील ती कड धर. फुटाळा तलावावरची संध्याकाळची गर्दी सध्या नको, पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्गाच्या भीतीनं जिमही नको. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की बाहेर पडूच नकोस बाप्पा, कूलरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मार.

थांबायचं कधी, हे पाठच करून ठेव. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर घरगुती गोळी घेऊन वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करायचा. कोरडा खोकला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तुझ्या औषधांतल्या ब्लिओमायसिनचा फुप्फुसावर परिणाम होतोय का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली, चक्कर आली, तरीही व्यायाम बंद आणि फोन. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर पायाखालचं नीट बघून चाल आणि पुढच्या भेटीत सांग.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. येणारा-जाणारा तुला "पॉझिटिव्ह राहा" म्हणतो, आणि रडलीस की आपणच आजार वाढवतोय अशी तुला भीती वाटते. बेटा, तसं नसतं. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मन आनंदी असण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध दिसला नाही. तुझा आजार वेगळा आहे, पण मनातून हे ओझं काढायला एवढं पुरेसं आहे. केस गळाले म्हणून रड. मैत्रिणींचे ट्रिपचे फोटो पाहून चिडलीस तरी चालेल. हॉजकिनवर औषध काम करतं आणि बहुतेक जण बरे होतात. त्यासाठी तुला रोज हसतमुख राहावं लागत नाही.

चालण्यानं झोप सुधारते, आणि पेट स्कॅनच्या (औषध किती लागू पडलं हे पाहायच्या तपासणीच्या) आधीची धडधड थोडी उतरते. पण उदासी फक्त चालून जाईलच असं नाही. दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, जेवण-झोप उडाली, किंवा कधीही जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी आईला आणि डॉक्टरांना सांग. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत चालतो. मराठीत बोलता येतं.

पुढच्या केमोला जाशील तेव्हा तीन गोष्टी विचार: माझं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती आहेत, हृदयाचा इको कधी झाला, आणि मी किती चालू शकते? उत्तरं कागदावर लिहून फोटो मला पाठव. त्यावरून आपण पुढच्या पंधरा दिवसांचं ठरवू. आईला म्हणावं, सकाळच्या फेरीला तुम्हीही सोबत चला. ती पण दिवसभर घरात कोंडून आहे.

तुझी,
फिजिओवाली मावशी