खाड्या मोजून मुक्काम ठरव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा बेत वाचला. आई-बाबांना घेऊन स्वतः गाडी चालवत कोकण किनारा करायचा, तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे वाचून बरं वाटलं. बाबा मागच्या सीटवर बसून सूचना देणार, त्याची तयारी ठेव. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

तुझ्या कागदावर तीन मुक्काम आहेत: दिवेआगर, गणपतीपुळे, मालवण. मालवणहून एका दिवसात परत पुणे. नकाशावर हे सरळ दिसतं, कारण नकाशात किनारा म्हणजे एक रेघ. गाडी चालवणाऱ्याला मात्र ती रेघ जागोजागी तुटलेली सापडते. दिवेआगर ते गणपतीपुळे या तुझ्या एका दिवसात तीन मोठ्या खाड्या येतात: बाणकोटची, दाभोळची आणि जयगडची. तिन्हींवर मोटार जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीत, घालून पलीकडे न्यावी लागते. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे. या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, ते होतील तेव्हा होतील. तू आत्ता निघणार आहेस, तेव्हा फेरीबोट धरूनच हिशेब कर.

बँकेच्या शाखा तपासायला मी या भागात बरीच वर्षं फिरलो. तेव्हापासून मी एकच हिशेब करतो. आज किती ठिकाणं बघायची किंवा किती किलोमीटर जायचं, हे विचारायचं नाही. आज किती खाड्या ओलांडायच्या, हे विचारायचं. फेरीची खाडी दिवसाला एक, आणि तीही दुपार कलायच्या आत. एवढं पाळलंस की मुक्कामाची गावं आपोआप ठरतात. संध्याकाळची फेरी चुकली तर काय होतं बघ. धोपावे ते दाभोळ हे पाण्यावरून काही मिनिटांचं अंतर आहे. रस्त्यानं जायचं तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा, तोही अंधारात.

आता दुसरी गोष्ट, जी तुला कदाचित उलटी वाटेल. प्रवास दक्षिणेकडून सुरू कर. आधी पुणे-कोल्हापूर, मग राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून मालवण. तिथून किनाऱ्यानं वर सरकत ये. याला तीन कारणं आहेत. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, त्यामुळे उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला राहतो. थांबावंसं वाटलं की गाडी त्याच बाजूला घेता येते, समोरची वाहनं ओलांडायची गरज नाही. आणि पुढच्या डाव्या सीटवर जे बसतील, म्हणजे तुझी आई, त्यांना समुद्र पूर्ण दिसतो. दुसरं म्हणजे लांब, कंटाळवाणा टप्पा पहिल्या दिवशी ताज्या अंगानं उरकतो. तुझ्या बेतात तो शेवटी येतो, सगळे दमलेले, कपडे खारट आणि पुढे मालवण ते पुणे. तिसरं, रत्नागिरीच्या दक्षिणेला पूल आहेत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, कुठेही बोटीची वाट बघावी लागत नाही. फेऱ्यांचा भाग येईपर्यंत तुझा हात रस्त्याला बसलेला असेल.

दिवेआगर मी यादीतून काढून टाकलंय. रागावू नकोस. ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून ते पुण्याच्या माणसाला कुठल्याही शनिवार-रविवारी जमतं. जिथे पुन्हा सहज जाता येत नाही, तिथे या खेपेला रात्री घालव.

मालवणात दोन रात्री राहा. पहिला दिवस प्रवासातच जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, ऊन चढायच्या आत. दुपारनंतर तारकर्ली-देवबाग. देवबागबद्दल एक सांगून ठेवतो. ती जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, पुढे रस्ता संपतो. समोर हाकेच्या अंतरावर भोगवे दिसतं आणि बाबा म्हणतील, "चल, तिकडे पण जाऊन येऊ." गाडीनं तिथे जायला परत मालवणकडे येऊन नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याला जावं लागतं. अर्धा दिवस त्यातच संपेल. होडीनं पलीकडे जाऊन यायचं असेल तर जा. खोली घेण्याआधी मात्र आंगणेवाडीची जत्रा कधी आहे ते बघ. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी ठरते आणि त्या दिवसांत मालवणात पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीला कुणकेश्वरचंही तेच.

तिसरा दिवस सगळ्यात लांब. मालवण, आचरा, कुणकेश्वर, मग मिठमुंबरीचा पूल ओलांडून देवगड. पुढे पडेल कॅन्टीनला फाटा लागतो. तिथून डावीकडे विजयदुर्ग. देवगडचा किल्ला आणि विजयदुर्ग दोन्ही करू नकोस. विजयदुर्गच कर, आणि वाटेत गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे तिथे दहा मिनिटं थांब. वाघोटणची खाडी ओलांडायला रस्ता थोडा आत जातो, मग जैतापूर, आडिवरे, कशेळी, पूर्णगड आणि मुक्काम पावसला. अंतर दीडेकशे किलोमीटरच्या आसपास. घाटावरच्या हिशेबानं तीन तास. या रस्त्यावर ताशी तीस धर. चढ, वळण, उतार, साकव, पुन्हा चढ. त्यात समोरून लालपरी आली की ती सरकणार नाही, तूच बाजूला व्हायचं. रत्नागिरी शहरात न राहता पावसला राहायचं, कारण तिथे रात्र शांत जाते आणि शहर सकाळच्या गर्दीआधी ओलांडता येतं. आईला स्वामी स्वरूपानंदांचा मठही बघायचा असेलच.

चौथ्या दिवशी पहिली फेरी. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे. दर्शन घ्या, पण तिथल्या समुद्रात उतरू नका. पाणी शांत दिसतं, ओढ मात्र वाईट आहे. पलीकडच्या मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. शाळेत 'तुतारी' पाठ केली असशील तर आत जाऊन ये. मग जयगड, तिथून बोटीनं तवसाळ, पुढे हेदवी, वेळणेश्वर आणि मुक्काम गुहागर.

हेदवीपाशी आता भरती-ओहोटीचा विचार करावा लागतो. लोक नेमका हाच सोडतात. हेदवीची बामणघळ म्हणजे खडकातली चीर. भरतीला लाटा त्यात घुसून वर उसळतात. ओहोटीला गेलीस तर नुसती कोरडी भेग बघून येशील. हरिहरेश्वरला बरोबर उलटं. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग देवळामागे खडकांवरून समुद्रालगत जातो, तो ओहोटीलाच करायचा. भरतीत तिथून माणसं वाहून गेली आहेत. वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट कर. जो आकडा येईल, त्या तासाच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. कोळी हे बोटांवर करतात.

म्हणून निघायची तारीख तू मागून पुढे मोज. हरिहरेश्वर तुझ्या सहाव्या दिवशी येतं. तो दिवस अष्टमी धर. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, आणि तू तिथे साधारण तेव्हाच पोचतेस. त्याच्या दोन दिवस आधी षष्ठी असेल. षष्ठीची भरती साडेचारला, आणि हेदवीला तू दुपारी चार-साडेचारला असशील. एकाच प्रवासात दोन्ही जमतं. फक्त अष्टमीला भांग असतो, म्हणजे ओहोटीला पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं लांब मागे हटत नाही. त्यामुळे खाली उतरण्याआधी देवळाजवळच्या माणसांना विचार आणि ते नाही म्हणाले तर ऐक.

पाचवा दिवस मुद्दाम हलका ठेवलाय. गुहागरहून सकाळी धोपावे, बोटीनं दाभोळ, मग कोळथरे, लाडघर, कर्दे करत हर्णै. हर्णैच्या बंदरावर दुपारनंतर मासळीचा लिलाव असतो. तो बघायला उभं राहिलात तर वाटेत येऊ नका, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका थांबत नाहीत. मुक्काम आंजर्ल्याला. वर कड्यावरचा गणपती, खाली लांबच लांब किनारा. याच दिवसांत तिथे आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पिल्लं कुठल्या दिवशी बाहेर येतील हे कोणी सांगू शकत नाही. गावात चौकशी कर, दिसली तर भाग्य. मोटार वाळूत नेऊ नकोस. एक तर चाकं रुततात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो, शिवाय त्याच वाळूत अंडी असतात.

सहाव्या दिवशी आठच्या आत निघ. केळशीवरून वेसवी, बोटीनं बागमांडला, हरिहरेश्वर. दुपारी दोनला तिथून हल म्हणजे ताम्हिणी उजेडात चढशील.

बाकी बारीकसारीक. फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी फोन करून विचार, घरगुती मुक्कामाच्या मालकांना ती पाठ असते. बोटीत कधी कधी गाडी उलटी चढवायला सांगतात. घाबरू नकोस, खलाशी हात दाखवतो तेवढंच बघ, बाबांकडे बघू नकोस. पेट्रोल टाकी अर्ध्यावर आली की तालुक्याच्या गावात भरून घे. जेवण सकाळीच सांगून ठेव, कारण आपण पोचल्यावर भात टाकणारी खानावळ किनाऱ्यावर क्वचित. गुहागर-आंजर्ल्याला मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मोबाईलचा नकाशा तुला जवळचा रस्ता म्हणून एखाद्या वाडीत नेईल आणि पुढे पाखाडी निघेल, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची. टपरीवर विचारताना "रस्ता आहे का" असं विचारू नकोस, उत्तर हो असंच येणार. "मोटार जाते का" असं विचार.

आणि कुणाचं पोट बिघडलं, गाडी कुरकुरली किंवा सगळ्यांनाच कंटाळा आला, तर किनारा सोडायच्या आडव्या वाटा लिहून ठेव: मालवणहून कसाल, देवगडहून नांदगाव, रत्नागिरीहून हातखंबा, गुहागरहून चिपळूण, दापोलीहून खेड. या सगळ्या मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात. तिथून पुढे कुठलाही घाट धरून तू घरी येऊ शकतेस. उरलेला अर्धा किनारा पुढच्या वर्षी. यात कमीपणा काही नाही.

पाच रात्रींपेक्षा एक जास्त मिळत असेल तर ती गुहागरला घाल, दुसरीकडे नको. एक कमी असेल तर मालवण एका रात्रीचं कर, फेऱ्यांचे दिवस एकत्र करू नकोस. होळी पौर्णिमेच्या आसपास निघणार असशील तर मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, खोल्या मिळणार नाहीत आणि रस्त्यात पालख्या लागतील. पालखी लागली तर गाडी बंद करून उतरा.

तारीख पक्की केलीस की तिथीसकट कळव. पावसला आणि आंजर्ल्याला ओळखीची घरं आहेत, त्यांना मी आधी फोन करून ठेवीन.

तुझा,
काका