इंटरनॅशनल बिझनेसच्या एमबीएला वर्गात परदेशी मुलं असल्याचा खरंच फायदा होतो का? मी सांगलीची, पुण्याचं कॉलेज बघतेय.

होतो, पण माहितीपत्रकावर झेंडे छापलेत म्हणून नाही. आमच्याही वर्गात परदेशी मुलं होती. ग्रुप ज्याचे त्याने निवडायचे, त्यामुळे ती एकीकडे, आम्ही एकीकडे. शिकणार काय, कपाळ?

मी विट्याकडचा. गलाई काय ते सांगलीकराला सांगायला नको. माझे चुलते, अण्णा, तरुणपणीच त्रिशूरला गेले. सराफांचं जुनं सोनं आटवायचं, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं. मल्याळम अशी बोलतात की मराठी आहेत हे मुद्दाम सांगावं लागतं. कर्कटकम महिना लागला की तिकडे लग्नं थांबतात, सराफाकडचे पैसे अडकतात. चिंगम उजाडला, ओणम आला की भट्टीला उसंत नाही. कुणाशी हिशोब दुकानात बोलायचा आणि कुणाशी घरी जाऊन, सगळं पाठ.

आणि पुण्यात आमच्या सरांनी हॉफस्टेडचा तक्ता लावला. हॉफस्टेड म्हणजे देशोदेशींच्या संस्कृतीला आकडे देणारा डच अभ्यासक. पॉवर डिस्टन्स, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती मुकाट मानतात ते: भारत ७७, नेदरलँड्स ३८. म्हणजे भारतीय माणूस वरच्याला नाही म्हणत नाही, लिहून घ्या. मी उठलो. म्हटलं, सर, कुठला भारतीय? मुळात हा अभ्यास उभा राहिला आयबीएमच्या नोकरदारांच्या १९६७ ते १९७३ च्या सर्वेक्षणावर. आमचे अण्णा मोठ्या पेढीच्या मालकाला तोंडावर सांगतात, शेठ, माल हलका आहे. वर्ग हसला.

पुढे प्रोजेक्टला मी गलाईवाल्यांचाच विषय दिला. सर म्हणाले, "हा इंटरनॅशनल बिझनेस नाही, पोटासाठीचं स्थलांतर आहे." मागून नेपाळचा मुलगा बोलला, "सर, आमच्या काठमांडूतही सोनं गाळणारे मराठी लोक आहेत." सरांनी घड्याळ बघितलं. मला विषय मिळाला बर्गर कंपनीने भारतात मेन्यू कसा बदलला हा. अर्ध्या वर्गाला तोच होता!

त्या नेपाळी मुलाशी मात्र गट्टी जमली. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा बांधलेला दर, शनिवारची सुट्टी, वैशाखातलं नवं वर्ष, दसऱ्याच्या सुमारास ठप्प होणारा बाजार, हे सगळं कँटीनमध्ये कळलं. आज मी बेदाण्याच्या व्यापारात आहे, तिथे हेच उपयोगी पडतं. तक्ता एकदाही काढावा लागला नाही.

तर कॉलेजला एवढंच विचारा: ग्रुप कोण पाडतं आणि परदेशी मुलांचं हॉस्टेल वेगळं आहे का. वेगळं असेल तर जास्तीची फी भरू नका. फीचे सध्याचे आकडे मला विचारू नका, मी बाहेर पडून बरीच वर्षं झाली. आणि हॉफस्टेडवर राग नाही. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, एकेका माणसाला लावू नका, हे त्यानंच बजावलंय. ते पान सरांनी शिकवलं नाही.

योगायोगानं त्याच कॉलेजात गेलात आणि ते सर अजून असतील, तर काठमांडूच्या गलाईवाल्यांवर प्रोजेक्ट मागा. आता नाही म्हणायला काय कारण देतात, ते इथे कळवा.