फीडर बस किती मिनिटांनी हवी?

प्रश्न : मेट्रो स्थानकाबाहेरच्या फीडर बसचं (स्थानक आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसचं) वेळापत्रक तिकिटांच्या आकड्यांवरून बसवता येतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : येतं, पण नुसत्या बसतिकिटांवर विसंबू नका. पासधारक तिकीट यंत्रात दिसत नाहीत. शिवाय गर्दीत कंडक्टर दोन थांबे उलटल्यावर तिकीट देतो, मग तिकिटाची वेळ बसच्या जीपीएस नोंदीशी जुळवून प्रवासी कुठे चढला हे काढताना थांबा चुकतो. मूळ आकडा मेट्रोच्या बाहेर पडण्याच्या गेटवरून घ्या, १५-१५ मिनिटांचे गट पाडून. समजा ८.४५ ते ९ मध्ये १८० जण बाहेर पडले आणि ६० बसथांब्याकडे वळले (हे दारात उभं राहूनच मोजावं लागतं, निदान तीन कामाचे दिवस). ४० जणांची बस असेल, तर दर १० मिनिटांनी एक लागेल.

मेट्रो आली की लगेच बस सोडू नका. फलाट, जिना, गेट, रस्ता ओलांडणं यात चार-पाच मिनिटं सहज जातात. घड्याळ लावून स्वतः चालून पाहा, तेही गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीने. फेरीचा वेळ जीपीएस नोंदींतून काढा, मात्र सरासरी धरू नका; शंभरातल्या ८५ फेऱ्या ज्या वेळेत पुऱ्या होतात, तो आकडा धरा. सरासरीवर बेतलेली बस जवळपास निम्म्या वेळा उशिरा पोचते, आणि दोनदा चुकामूक झालेला प्रवासी तिसऱ्या दिवशी दुचाकी काढतो.