थंडीपूर्वी गरम पाण्याची सोय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. गच्चीवर काचेच्या नळ्यांचे 200 लिटरचे सोलर असून ते बसवून सहा वर्षे झाली. पाणी बोअरचे आहे. गेल्या डिसेंबरात दुसऱ्या माणसाची आंघोळ होईपर्यंत पाणी कोमट होऊ लागले. विक्रेता नवे सोलर घ्या म्हणतो. दीर म्हणतात, न्हाणीघरात गॅस गिझर बसवून टाका. घरात वयस्कर सासूबाई आहेत. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : नव्या सोलरची घाई करू नये. आपल्या तक्रारीमागे एकाहून अधिक कारणे असू शकतात आणि ती दसरा-दिवाळीच्या दरम्यान शोधून काढणे सोयीचे असते, कारण कडाका सुरू झाला की प्लंबर हाती लागत नाही.

पहिला संशय क्षारांवर. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी तापले की घट्ट होऊन बसतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच इथे नळ्यांच्या तळाशी साचतो. सोलरमध्ये पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन टाकीकडे चढते आणि थंड पाणी त्याच नळीतून खाली उतरते, एवढ्यावरच सारे चालते, त्यामुळे तळाशी गाळ बसला की हे फिरणे मंदावते. सफाई माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावी, मात्र दोन गोष्टींवर आपले लक्ष असू द्यावे. संडास धुण्याचे बाजारी ॲसिड टाकीत ओतू देऊ नये, कारण त्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रे पडतात. लिंबूफुलाचे कोमट द्रावण काही तास ठेवून ते नीट धुऊन काढणे अधिक सुरक्षित असते. दुसरे असे की, रिकाम्या नळ्यांमध्ये भर दुपारी गार पाणी सोडू नये. उन्हात रिकाम्या नळीची आतली काच उकळत्या पाण्याहूनही कितीतरी अधिक तापलेली असते आणि गार पाणी पडताच ती तडकते. भरणे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर करावे.

नळ्या उतरवल्याच आहेत, तर त्यांची बंद टोकेही पाहून घ्यावीत. तिथे आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर दोन काचांमधील निर्वात पोकळीत हवा शिरली आहे असे समजावे. अशी नळी मिळवलेली उष्णता बाहेर घालवते. भर उन्हात बाहेरून हात लावला, तर ती शेजारच्या नळ्यांपेक्षा गरम लागते. तेवढीच नळी बदलावी. टाकीच्या माथ्यावरील हवेची नळीही तपासावी, कारण कुंभारमाशी तिच्या तोंडाशी मातीचे घर करते आणि ती बुजली असताना पाणी ओढले गेले, तर टाकी आत चेपते.

आता पाणी कोमट का होते, याकडे वळू. संध्याकाळी उशिरा टाकीतील पाणी चांगले कढत असूनही सकाळी नळाला ते कोमट येत असेल, तर सोलरला दोष देण्याआधी न्हाणीघरातील मिक्सर पाहावा. पुष्कळ घरांत त्याचे थंड व गरम असे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे हँडशॉवरचे बटण तेवढे बंद केलेले असते. त्या वाटेने थंड पाणी गरम लाईनीत शिरते आणि बदनामी मात्र सोलरची होते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची पाऊण इंची नळी 20 मीटर असेल, तर तिच्यातले पाच-सहा लिटर पाणी रात्रीत थंड होते, म्हणून तिला उष्णतारोधक आवरण हवे. ही तक्रार मात्र पहिल्या बादलीची असते, दुसऱ्या आंघोळीची नव्हे.

सावलीचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात साताऱ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 49 अंशांवरच असतो आणि सकाळी नऊच्या सुमारास जेमतेम 24 अंशांवर. डोंगर दक्षिणेला असल्याने त्याला अगदी लागून असलेल्या घरांवर ऊन उशिरा येते. मे महिन्यात ज्या टाकीची किंवा झाडाची सावली नळ्यांवर पडत नव्हती, ती या दिवसांत पडू शकते. तेव्हा एका सकाळी गच्चीवर जाऊन स्वतः पाहणे उत्तम.

एवढे करूनही ढगाळ दिवशी पाणी कमी पडेलच. त्यासाठी टाकीत 2 किलोवॅटची कॉइल असते, पण 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून अधिक वीज आणि सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागतो. आंघोळीपुरता 15 लिटरचा विजेचा गिझर त्यापेक्षा परवडतो.

दिरांची सूचना मात्र मान्य करू नये. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की हवेतील प्राणवायू कमी होतो आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला गरगरते आणि कडी काढण्याआधीच तो खाली कोसळतो. गॅस गिझर घ्यायचाच असेल, तर तो घराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याची नळी आणावी. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, तर तो लगेच बंद करावा.

प्रश्न : विश्रामबागेतील आमच्या घरी विजेचा गिझर मार्चपासून बंद होता. परवा लावला, तर नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या. – एक वाचक, सांगली

उत्तर : मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गिझर लावू नये. कॉइलचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असावी, आणि ती आपल्या हातापर्यंत पोहोचली याचा अर्थ अर्थिंगही निकामी आहे. दोन्ही दुरुस्त करून शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. टाकी उघडलीच जाणार आहे, तर आतला मॅग्नेशियमचा दांडा पाहावा; टाकीऐवजी तो झिजतो, आणि तो संपला की टाकी गंजू लागते. पुढे लावताना आधी गरम नळाला अखंड धार येऊ द्यावी आणि मगच बटण दाबावे. पाणी तापत असताना सुरक्षा वाल्वमधून थेंब गळणे हा बिघाड नसतो, त्यामुळे त्याचे तोंड बुजवू नये.