पस्तिशीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

पत्र, थोडक्यात: "मी मूळची साताऱ्याची, अटलांटात नोकरी करते. माझी रूममेट कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री आहे, वय ३३. ट्रान्स आहे हे कळल्यावर तिला कामावरून काढलं आणि त्यासोबत विमाही गेला. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची इंजेक्शनं ती ओळखीतून मिळवते. एका दवाखान्यात भरल्या वेटिंग रूममध्ये तिचं जुनं, पुरुषी नाव पुकारलं, तेव्हापासून तिने डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. एचआयव्हीची तपासणी करू या म्हटलं, तर म्हणते, 'आमच्यासारख्या पस्तिशीपर्यंतच जगतात, मग कशाला?' आई म्हणते, घर बदल. मी काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

सुरुवात त्या पस्तिशीपासून कर. अमेरिकेतल्या ट्रान्स स्त्रियांचं सरासरी आयुष्य एवढंच असतं, असं दाखवणारा एकही भरवशाचा अभ्यास नाही. लॅटिन अमेरिकेत खून झालेल्या ट्रान्स व्यक्तींपैकी बहुतेक जणी पस्तिशीच्या आतल्या होत्या. तीच नोंद पुढे सगळ्यांचं आयुर्मान म्हणून फिरत राहिली. हे तिला स्पष्ट सांग. आपल्याला दोनच वर्षं उरली आहेत असं जिला वाटतं, ती दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीला कशाला जाईल?

काळजी करण्यासारखा आकडा वेगळाच आहे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१९-२० मध्ये सात शहरांत ट्रान्स स्त्रियांची पाहणी केली, त्यात तुमचं अटलांटाही होतं. तपासणी झालेल्या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रियांपैकी ६२ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, गोऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये १७ टक्के. पाहणीतल्या बऱ्याच जणी गरीब, मोठ्या शहरातल्या आणि एकमेकींच्या ओळखीतून आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा तुझ्या मैत्रिणीचं भविष्य नव्हे. आणि ही तफावत कातडीतून किंवा हार्मोनमधून येत नाही. नोकरी जाते, तिच्याबरोबर विमा जातो. तुमच्या जॉर्जिया राज्याने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पूर्ण विस्तार केलेला नाही, म्हणून सरकारी आधारही सहज मिळत नाही. मग भाडं थकतं, आणि डोक्यावर छप्पर राहावं म्हणून काही जणींना शरीर विकावं लागतं. तिचा डॉक्टरांवरचा अविश्वासही उगाच नाही. शेजारच्या अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता पाहत ठेवला, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा. तेव्हा तिला 'उगाच घाबरतेस' असं म्हणू नकोस.

आता दवाखाना. फक्त एचआयव्हीचा नको. हार्मोन आणि एचआयव्ही दोन्ही एकाच छताखाली पाहणारा शोधा. अनेक जणी एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची प्रतिबंधक गोळी टाळतात, कारण त्या गोळीने इस्ट्रोजेन कमी होईल अशी भीती असते. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की अर्धा अडसर दूर होतो. कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्नाप्रमाणे फी लावतात. उत्पन्नाचा कागद, किंवा नोकरी नसल्याचं लिहून दिलेलं निवेदन, सोबत न्या. अपॉइंटमेंट घेताना तूच फोन कर आणि विचार: "कायद्याचं नाव वेगळं आहे. केसपेपरवर वापरातलं नाव घालाल का, आणि बाहेर फक्त आडनावाने हाक माराल का?" उत्तर चाचरत आलं तर दुसरीकडे फोन लाव. त्या दिवशी तिच्यासोबत जा.

ती लगेच तयार नसेल तर औषधांच्या दुकानातून घरी एचआयव्ही तपासायचं किट आण. हिरड्यांवरून काडी फिरवायची, निकाल २० मिनिटांत. पण संसर्ग झाल्यावर ९० दिवसांपर्यंत तो या किटच्या नजरेतून सुटू शकतो. गेल्या ७२ तासांत संसर्गाचा धोका पत्करला गेला असेल तर किटच्या नादी न लागता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे २८ दिवसांचा औषधांचा कोर्स मिळतो, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

निकाल निगेटिव्ह आला तर रोजची गोळी (एमट्रिसिटाबिन-टेनोफोविर), दोन महिन्यांनी एक कॅबोटेग्राव्हिर इंजेक्शन, किंवा २०२५ मध्ये मंजूर झालेलं, सहा महिन्यांनी घ्यायचं लेनाकापाव्हिर, असे पर्याय आहेत. सुरू करण्याआधी प्रयोगशाळेतली तपासणी हवीच. संसर्ग आधीच असेल तर ही गोळी अपुरी पडते आणि विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. दुसऱ्या कुणाची गोळी उसनी घेणं म्हणूनच धोक्याचं. निकाल पॉझिटिव्ह आला तर कमी उत्पन्नवाल्यांसाठी १९९० पासूनचा सरकारी रायन व्हाइट कार्यक्रम उपचारांचा खर्च उचलतो. औषधं नियमित घेऊन विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला की लैंगिक संबंधातून तो पसरत नाही.

ओळखीतल्या इंजेक्शनांवरून भांडू नकोस. कुपी, लेबल, सुई सगळं पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, म्हणजे नेमकं काय आणि किती जातंय ते कळेल. डोस वाढवून बदल लवकर येत नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो, सिगारेटने आणखी. एकच पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला तर लगेच ९११ला फोन करा. सुई दरवेळी नवी हवी. ती स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी) घेत असेल तर रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन तपासावं लागतं, आणि टेनोफोविरसाठीही मूत्रपिंड पाहावंच लागतं. एकदाच रक्त काढून दोन्ही उरकतं. पार्टीत किंवा घरी नितंबात सिलिकॉन टोचून देणाऱ्यांपासून तिला लांब ठेव. ते फुप्फुसात पोहोचलं तर जीव जातो.

नोकरीचं मात्र लांबवू नका. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स असल्यामुळे काढून टाकणं बेकायदा ठरवलं, आणि त्यातला मुख्य खटला तुमच्याच जवळच्या क्लेटन काउंटीतला. जॉर्जियात काढल्यापासून १८० दिवसांत समान रोजगार आयोगाकडे (कामावरच्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्रीय संस्था) तक्रार नोंदवावी लागते. २०२५ पासून आयोग अशा तक्रारींत फारसा पुढाकार घेत नाही, तरीही नोंदवा, कारण त्याशिवाय पुढे कोर्टात जाता येत नाही. काढल्याचा ईमेल आणि तारखा आजच जपून ठेवा.

आईला सांग, एकाच ताटात जेवून, एकच बाथरूम वापरून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. मैत्रिणीच्या तपासणीचा निकाल मात्र आईला सांगू नकोस, आईने विचारलं तरीही. तो सांगायचा की नाही, हे मैत्रीण ठरवेल.