भुलीखाली माणूस घोरतो का?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे आहेत. रात्री इतकं घोरतात की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. टेबलावरही घोरतील का? आणि मध्येच श्वास अडकला तर?
– एक वाचक, कराड

उत्तर : भूल कोणती, त्यावर आहे. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली असेल तर घोरणं होतच नाही. घोरण्याचा आवाज टाळू, पडजीभ आणि जिभेचं मूळ यांच्या थरथरीचा; नळी त्यांना ओलांडून खाली गेलेली असते. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर श्वासही व्हेंटिलेटरच देतो, मिनिटाला साधारण १२ ते १४.

हर्नियाला मात्र बऱ्याचदा कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन कमरेत देतात. त्यात बाबा स्वतःच श्वास घेतील. पण सोबत गुंगीचं औषध दिलं की जीभ सैल होऊन मागे पडते आणि घोरणं सुरू. भूलतज्ज्ञांचा कान त्याच आवाजाकडे असतो, कारण घोरणं म्हणजे श्वासाची वाट अर्धी बंद. त्याहून वाईट ती शांतता : छाती आत ओढली जातेय, पोट वर येतंय, आवाज मात्र नाही. म्हणजे वाट पूर्ण बंद! मग जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं लावून जबडा पुढे उचलतात. खालचे दात वरच्या दातांपुढे आले की जीभही पुढे येते. बहुतेकदा एवढ्यानं भागतं. नाहीतर तोंडात प्लास्टिकचा वाकडा एअरवे (श्वासाची वाट उघडी ठेवणारी नळी) सरकवतात.

रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटावरच्या चिमट्यावर सगळेच डोळे लावून बसतात, पण रुग्णाला ऑक्सिजन चालू असताना, श्वास थांबल्याचं तो उशिरा सांगतो. नाकापाशी कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी असेल तर श्वास थांबताच पडद्यावरची रेघ सपाट होते.

तुमचं काम ऑपरेशनच्या आधी. झोपेत श्वास थांबतो का, दचकून जाग येते का, दिवसा डुलक्या लागतात का, बीपी आहे का, हे तपासणीच्या वेळीच सांगा. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर तेही. घरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) वापरत असतील तर मास्कसकट बरोबर न्या. सैल दात, कवळी लपवू नका. गुटखा-सुपारी खात असतील आणि तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील, तर ते सगळ्यात आधी सांगा : नळी घालणं तिथेच अवघड होतं, वेगळी तयारी लागते.

ऑपरेशननंतरची पहिली रात्रही जपायची. अंगात वेदनाशामकं आणि गुंगी असते, घोरणारा माणूस तेव्हा जास्त घोरतो. उताणं सपाट झोपवू नका. डोक्याकडची बाजू ३० अंश वर किंवा कूस. झोपेची गोळी मनानं देऊ नका. घोरताना मध्येच दहा-बारा सेकंद सगळं थांबलं, तर हलवून जागं करा आणि नर्सना बोलवा.